चकव्यातली शेवटची काठी

१

दादा गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. बागेचे साहेब घरी आले, आईसमोर अवघडून उभे राहिले आणि धाकट्याला पाठवता का म्हणाले. मी नाही म्हणणार होतो. पण घरात बसलो की दाराच्या खिळ्याला टांगलेला दादाचा टॉवेल दिसायचा. तो काढायची आईची छाती होत नव्हती आणि माझीही. म्हणून हो म्हणालो. माझं सगळं असंच असतं. शाळा अशीच सोडली, गॅरेजातलं कामही असंच सोडलं.

बाग आमच्या वसाहतीच्या टोकाला आहे. तळं आहे, त्यात पायाने चालवायच्या होड्या आहेत, मुलांच्या घसरगुंड्या आहेत. जुना दगडी बंगला आहे, त्यात कोण्या बड्या माणसाच्या खुर्च्या दोरी बांधून ठेवल्यात. खुर्च्या बघायला कोणी येत नाही. लोक येतात ते चकव्यासाठी. बंगल्याच्या मालकाने पाहुण्यांची गंमत करायला झुडपांच्या भिंती लावल्या, त्यांतून गल्ल्या काढल्या. आता त्या भिंती उंच माणसाच्याही डोक्यावर हातभर जातात. बाहेरच्या फलकावर ऐतिहासिक काहीतरी मोठं नाव लिहिलंय, पण सगळे चकवाच म्हणतात.

चकव्याच्या मधोमध लाकडी मचाण आहे. तिथे एक माणूस बसतो. आधी दादा बसायचा, आता मी.

काम सोपं आहे. आत जाणाऱ्याला फाटकावर एक काठी मिळते, टोकाला लाल फडकं बांधलेली. वाट चुकली की काठी उंच धरायची आणि जागेवर उभं राहायचं. मचाणावरून माणूस दिसत नाही, फडकं दिसतं. मग वरून सांगायचं: काठी, डावीकडे. काठी, सरळ. काठी, आता उजवीकडे. दादा म्हणायचा, लग्न टिकणार की नाही ते इथे कळतं. नवऱ्याला डावीकडे जायचं असतं, बायकोला उजवीकडे, आणि वरून दिसत असतं की दोघंही चुकलेत.

चुकलेल्याला आम्ही बाहेरच्या वाटेला लावत नाही. ती वाट लांब आहे, सांगता सांगता घसा बसतो. त्याला आधी मचाणाच्या पायथ्याशी आणायचं. तिथून कामगारांच्या दारापर्यंत एक सरळ गल्ली जाते, तिच्यातून बाहेर काढायचं. दादाने लावलेली शिस्त आहे ही. सगळे हरवलेले आधी आपल्यापाशी, मग घरी.

दादा मात्र गेला तो चकव्यातच. गेल्या महिन्यात, बाग बंद व्हायच्या वेळेला, तो मचाणावरून उतरून आत का गेला ते कोणालाच माहीत नाही. लांबच्या कोपऱ्यात एक आंधळी गल्ली आहे, पुढे वाट नसलेली, तिथे माळीकाकांना तो सकाळी सापडला. भिंतीकडे तोंड करून बसलेला, कपाळ पानांना टेकलेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असणार. त्याला शेवटचं पोहोचवून आलो तो मीच. त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. ऊन उतरलं होतं, तळ्यावरच्या होड्या काठाला लागत होत्या. फाटकावर तिकीटवाल्या मावशी परत आलेल्या काठ्या पिंपात उभ्या करतात आणि शेवटची आली की हाळी देतात. त्या दिवशीही दिली. "आल्या रे सगळ्या. उतर."

मी शिडीवर पाय टाकला आणि सहज मागे बघितलं. लांबच्या कोपऱ्यात एक लाल फडकं वर होतं.

२

मी मावशींना ओरडून सांगितलं की एक राहिलीय. त्या म्हणाल्या, राहिली नाही, सगळ्या पिंपात आहेत, मला काय मोजता येत नाही होय. त्यांचं खरं असणार. त्यांच्या हिशेबातून काठी काय, काडीही सुटत नाही.

म्हटलं, कोणा पोराने गंमत म्हणून जुनी काठी झुडपात खोचली असेल. तसं होतं कधीकधी. पण खोचलेली काठी वाऱ्याने हलते तरी. हे फडकं सरळ उभं होतं, कोणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं. बाकीच्या फडक्यांपेक्षा विटकंही होतं.

गंमत करायला म्हणून मी म्हणालो, "काठी, मागे फिरा आणि डावीकडे."

फडकं मागे फिरलं. गल्लीच्या तोंडाशी आलं आणि डावीकडे वळलं.

मला हसू आलं. म्हणजे फुकट घुसलेलं कोणीतरी होतं. मी विचारलं, कोण आहे, तिकीट काढलंय का, एकटे आहात का. काही उत्तर नाही. तेवढं एक मला खटकलं. हरवलेला माणूस गप्प बसत नाही. तो उगीच बडबडतो, हसतो, बायकोला दोष देतो, मला शिव्या देतो. हा गप्प उभा होता. मी सरळ म्हणालो की सरळ यायचा, थांबा म्हणालो की थांबायचा. मी काहीच म्हणालो नाही तर हलायचाच नाही.

एवढ्यात ऊन बंगल्याच्या मागे गेलं. चकव्यात अंधार लवकर भरतो, भिंतींच्या तळापासून वर चढत येतो. फडकं दिसेना. मी खूप हाका मारल्या, मग खाली उतरून फाटकावर गेलो. मावशींनी पिंपात हात घालून काठ्या वाजवून दाखवल्या.

सकाळी माळीकाका कात्री घेऊन सगळ्या गल्ल्या फिरून आले. फडकं नाही, माणूस नाही, साधा पायाचा ठसा नाही. मला म्हणाले, "झोप घेत जा जरा. त्या कोपऱ्याकडे कशाला बघत बसतोस? तुझ्या दादाला उचललं तेव्हापासून मी तिथे कात्रीसुद्धा लावलेली नाही." माझ्या पाठीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

मचाणावर माझ्याशिवाय कोणी चढत नाही. मावशींचे गुडघे गेलेत, काकांना उंचावर घेरी येते. म्हणजे ते फडकं बघायला मी एकटाच. हे मला तेव्हा बरं वाटलं होतं, का ते सांगता येत नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर माणसं बाहेर काढत होतो आणि लक्ष कोपऱ्याकडे होतं. कोपऱ्यात काही नव्हतं. फक्त हिरवं. शाळेची सहल आली होती, पोरं एकमेकांच्या काठ्या पळवत होती. मग ती गेली. मावशींची हाळी आली. मी मान वळवली तर फडकं वर.

या वेळी मी नीट बघितलं. सरळ म्हणालो आणि त्याच्यावर नजर धरून बसलो. फडकं पुढे यायचं, एका पावलाला किंचित खाली जायचं, पुन्हा वर यायचं. खाली, वर. खाली, वर.

लहानपणी दादाचा उजवा पाय मोडला होता. हाड जुळलं ते जरा आखूडच जुळलं. तो चालायला लागला की खांदा असाच खाली जायचा. बाजारातल्या गर्दीतही मी त्याला त्या खांद्यावरून ओळखायचो.

मी मचाणाच्या कठड्याला धरून उभा राहिलो. डोकं सांगत होतं, लंगडणारी माणसं जगात कमी नाहीत. डोकं सांगत होतं, तू त्याला पोहोचवून आलायस, तुझ्या हाताला अजून तो वास आहे. मी डोक्याचं काही ऐकलं नाही. मी म्हणालो, "दादा, उजवीकडे." आणि फडकं उजवीकडे आलं. अंधार पडेपर्यंत मी त्याला अर्ध्या वाटेवर आणलं.

घरी गेलो तो धावतच. आई नुसती बसली होती, पुढ्यात परात घेऊन. परातीत काही नव्हतं. मी चपलाही न काढता सांगून टाकलं की दादा आहे तिथे, चकव्यात, वाट चुकलाय, आणि मी त्याला बाहेर काढणार आहे. बोलून गेल्यावर कळलं की हे असं सांगायचं नसतं.

आईने आरडाओरडा केला नाही. मला वेड्यात काढलं नाही. परात बाजूला सरकवली आणि विचारलं, "काही खाल्लं असेल का रे त्याने?"

४

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. मी तिला कामगारांच्या दाराबाहेर उभं केलं. ते दार लोखंडी गजांचं आहे. सरळ गल्ली संपते तिथे ते दार, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मचाणाचा पायथा. मी म्हटलं, त्याला पायथ्याशी आणतो, तिथून तो तुला सरळ दिसेल. तिने डबा पदराने झाकून धरला होता, गार होऊ नये म्हणून.

हाळी आली. मी वर होतो. फडकं कोपऱ्यातून नाही, काल सोडलं होतं तिथूनच वर आलं. म्हणजे दिवसभर तो तिथे कुठेतरी होता, माणसं त्याच्या बाजूने हसत खेळत जात होती.

मी सांगत गेलो आणि तो येत गेला. डावीकडे. सरळ. पुन्हा डावीकडे. मी मधूनच त्याच्याशी बोलतही होतो, की आई आलीय, तुझा टॉवेल आहे तसा आहे, तू येच. मधल्या शब्दांनी तो गोंधळला नाही. दिशा सांगितली की तेवढी घ्यायचा.

मचाणाजवळची एक भिंत रोगाने वाळलीय. पानं झडून नुसत्या काड्या राहिल्यात. शेवटच्या वळणाआधी माणूस त्या भिंतीमागून जातो आणि क्षणभर आरपार दिसतो. मी कठड्यावरून वाकलो.

शर्ट दादाचा होता. मी त्याला शेवटी जो घातला तो नाही, कामाचा, कोपरावर ठिगळ असलेला. त्या ठिगळाच्या वर त्याचा खांदा खाली जात होता, वर येत होता. मला पाठ दिसत होती. मला वाटलं, तो पलीकडे चाललाय, चुकलाय. मी म्हणणार होतो की मागे फिर. पण पाठ मोठी होत होती. जवळ येत होती.

तो पाठमोरा चालत येत होता. अडखळत नव्हता, चाचपडत नव्हता. जशी माणसं तोंड पुढे करून चालतात तसा तो पाठ पुढे करून चालत होता.

"थांब," मी म्हणालो.

तो थांबला. लगेच. पाऊल उचललेलं होतं, तेही तसंच राहिलं.

आणि तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली, जी मला पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. दादाने जन्मात माझं ऐकलं नव्हतं. मी म्हणायचो गाडी येतेय, थांब. तो मुद्दाम रस्ता ओलांडायचा. मी म्हणायचो आभाळ आलंय. तो छत्री घरी ठेवून भिजत यायचा आणि मलाच हसायचा. शेवटचा घास, खिडकीकडची जागा, टीव्हीचा आवाज, कशातच नाही. मी डावीकडे म्हणालो असतो तर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला असता आणि वर ओरडला असता की अरे शहाण्या, हा चकवा मी तुला शिकवलाय. तो उजवीकडूनच आला असता, आणि चुकून भांडला असता.

हे जे खाली एका पायावर उभं होतं ते माझा शब्दन्‌शब्द ऐकत होतं.

मी शिडी उतरलो कसा ते आठवत नाही. सरळ गल्लीतून पळत सुटलो. आई गजांना तोंड लावून उभी होती. मी बाहेर आलो, कुलूप घातलं, तिचा दंड धरून तिला ओढत घरी आणलं. डबा वाटेत सांडला.

५

सकाळी आईने चहा पुढ्यात आदळला आणि म्हणाली, दारापर्यंत आणून सोडलास त्याला.

मी म्हटलं, "आई, तो दादा नव्हता. तो माझं ऐकत होता."

"मग? बरंच झालं की."

"दादाने माझं कधी ऐकलंय?"

"मेल्यावर माणूस शहाणा होतो," ती म्हणाली. "तू व्हायला मात्र कधी तयार नसतोस."

मी पाठमोरं चालण्याचं सांगितलं. ते सांगायला नको होतं. तिचा चेहरा मऊ झाला. ती म्हणाली, लाज वाटत असेल त्याला. न सांगता गेला ना. लहानपणीही काही सांडलं, फोडलं की तो असाच भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आपण जवळ जाऊन हनुवटी धरली की मग वळायचा. हे खरं होतं. मलाही ते आठवत होतं. मला एकदम वाटलं की तिचंच बरोबर असेल, आणि मी सख्ख्या भावाला एका पायावर उभा करून पळून आलो असेन. मग त्या थांबलेल्या पावलाची आठवण झाली. जिवंत काय, मेलेलं माणूससुद्धा पाऊल असं हवेत ठेवत नसेल.

मी म्हटलं, मी नोकरी सोडतो. ती म्हणाली, सोड. दुसरं येतंय काय तुला.

साहेबांच्या खोलीबाहेर मी दुपारभर बसून राहिलो. आत पाहुणे होते, बंगल्याच्या खुर्च्यांना रंग द्यायचं चाललं होतं. शेवटी साहेब बाहेर आले, म्हणाले, बदली माणूस मिळेपर्यंत तरी बस. मचाण आज सकाळपासून रिकामं आहे, लोक आत कमी सोडलेत. मी नाही म्हटलं आणि त्यांचं पुढचं न ऐकता चालायला लागलो. फाटकाजवळून जाताना मावशींनी हटकलं.

"का रे, आईला एकटीलाच सोडलंस होय आत?"

मला आधी समजलंच नाही. मावशी सांगत होत्या की ती मघाशीच आली. तिकीट नको म्हटलं तरी पैसे ठेवले, काठी मागून घेतली. हातात डबा होता. मावशींनी विचारलं, बारक्या कुठाय, तर म्हणाली, येतोय मागून.

बाकीच्या काठ्या पिंपात परत आल्या होत्या. ऊन बंगल्याच्या कौलांवर टेकलं होतं.

मी मावशींना म्हटलं, रखवालदाराला बोलावून आणा, माळीकाकांना आणा, कोणालाही आणा, पण आत कोणी जाऊ नका. आणि मी कामगारांचं दार उघडून सरळ गल्लीतून मचाणाकडे धावलो. आत शिरून तिला शोधावं असं मनात आलं होतं. पण खाली गल्ल्यांत मी काय, कोणीही आंधळाच. ती कुठे आहे ते फक्त वरूनच दिसणार होतं. ते कुठे आहे तेही.

६

वर गेलो तर फडकी दोन होती.

एक विटकं, मचाणाजवळच, वाळलेल्या भिंतीपलीकडे. काल सोडलं होतं तिथेच. दुसरं नवं, लालभडक, चकव्याच्या मधल्या पट्ट्यात, भराभरा चाललेलं. आई दादाला हाका मारत होती. मोठ्याने नाही. पाहुणे झोपलेले असताना मुलाला उठवतात तसं.

मी ओरडलो, "आई, जागेवर थांब."

नवं फडकं थांबलं नाही. आईनेही माझं कधी ऐकलेलं नाही. दादा कोणावर गेला होता हे वेगळं सांगायला नको. तरी त्या घाबरलेल्या अवस्थेतही मला बरं वाटलं. जे ऐकत नाही ते माणूस, ती माझी आई. जे ऐकतं ते दुसरं.

मग मी माझ्या परीने बुद्धी चालवली. आईला वळवता येत नव्हतं, तर त्याला वळवायचं. तिच्यापासून लांब न्यायचं. मी म्हणालो, काठी, मागे फिर. विटकं फडकं मागे फिरलं. काठी, सरळ. काठी, उजवीकडे. ते निघालं, खाली, वर, खाली, वर. आईला माझा आवाज ऐकू येत होता. मी काय करतोय ते तिला लगेच कळलं. मी त्याला उजवीकडे म्हणालो की ती उजवीकडे वळायची वाट शोधायची. मी डावीकडे म्हणालो की डावीकडे. माझ्याच शब्दांवरून ती त्याचा माग काढत होती. मी गप्प बसलो असतो तर तो उभा राहिला असता आणि तिने त्याला गाठलं असतं. बोललो तर तिला पत्ता लागत होता. म्हणून मी आणखी भराभर बोलायला लागलो, त्याला आंधळ्या गल्लीत घातलं, बाहेर काढलं, फेरे घातले. आवाज फुटायला लागला. भिंतींचे तळ काळे होत आले होते.

फाटकाकडून मावशींचा आवाज आला, रखवालदार येतोय, थांब म्हणून.

आई दमली असावी. नवं फडकं हळू झालं, मग एका जागी थांबलं. तिच्या आणि त्याच्यामध्ये आता एकच भिंत होती. ते तिला माहीत नव्हतं. मचाणापासून ती फार लांब नव्हती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"बारक्या," ती खालून म्हणाली. "का पळवतोस रे त्याला? पाय दुखत असेल त्याचा."

ती रडत नव्हती. फक्त थकली होती. दादा गेल्यापासून मी तिला एवढं थकलेलं बघितलं नव्हतं आणि मला एकदम वाटलं, आता ती ऐकेल. आता नुसतं नीट सांगितलं तर ऐकेल आणि आम्ही दोघं घरी जाऊ. माझ्या मनात त्या क्षणी दुसरं काही नव्हतं. ती दिसत होती, वाट दिसत होती, मी मचाणावरचा माणूस होतो.

"आई," मी म्हणालो, "तुझ्या उजवीकडे वळ. मग सरळ ये. मी खाली येतो, आपण घरी जाऊ."

आई हलली नाही.

विटकं फडकं उजवीकडे वळलं. भिंत संपली तिथून सरळ आलं आणि आई उभी होती त्या गल्लीत शिरलं.

मी काहीतरी ओरडलो, पण त्यात दिशा नव्हती. फडकं जाऊन नव्या फडक्याजवळ थांबलं. दोन्ही फडकी शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज, अगदी हळू, आमच्या लहानपणचा.

"इकडे बघ ना. अरे, तोंड तरी वळव."

पानं सळसळली. वारा नव्हता. डबा खाली पडला, झाकण दगडावर गोल गोल फिरत राहिलं आणि थांबलं. दोन्ही फडकी जराशी वळली. आधी विटकं, मग नवं.

मी हाक मारली. पुन्हा मारली. आई, बोल काहीतरी. शिवी दे, मूर्ख म्हण. खालून काही आलं नाही. हरवलेला माणूस गप्प बसत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा हाका मारत राहिलो.

शेवटी मी म्हणालो, "आई, डावीकडे."

दोन्ही फडकी डावीकडे वळली.

"सरळ."

दोन्ही सरळ आली, एकामागे एक. विटकं एका पावलाला खाली जात होतं, वर येत होतं. त्याच्या मागचं नवं फडकंही त्याच पावलाला खाली गेलं, वर आलं.

वाळलेल्या भिंतीपाशी ती पोहोचली तेव्हा मी डोळे मिटून घेतले आणि थांबा म्हणालो.

आता एकच वळण राहिलंय, मग मचाण. शिडीच्या पायथ्यावरूनच माझी बाहेरची वाट आहे, दुसरी नाही. मी तळहाताने तोंड गच्च दाबून धरलंय. खाली दोघं उभी आहेत, मी पुढचं काय सांगतो त्याची वाट बघत. फाटकाकडे कंदिलासारखा कसलातरी उजेड हलतोय, आणि मावशी परत परत विचारतायत, सापडली का रे आई, आम्ही कुठल्या बाजूने येऊ, बोल की.